फुटलेली अकरा मतं

आमच्या घरी कुणी पाहुणा पेढ्यांचा पुडा घेऊन आला, की मामंजी आधी पुड्याची दोरी बघत. गाठ हलवायाने मारलेली आहे की वाटेत कुणी सोडून पुन्हा बांधली आहे, हे दोरीवरून कळतं, असं त्यांचं ठाम मत होतं. पोस्टमनने पत्र दिलं की पाकीट आधी उन्हाकडे धरायचं, डिंकाची कड अंगठ्याने चाचपायची, मग फोडायचं. आणि दूध! म्हैस घरची, गडी घरचा, धार काढताना मामंजी स्वतः गोठ्यात उभे. तरी चरवी आत आली की एक थेंब नखावर टाकून तो कसा ओघळतो ते बघितल्याशिवाय दूध चुलीवर चढायचं नाही. मी नवी नवरी. मला वाटलं, हा माझ्यावरचा पहारा आहे. मी हिरमुसलेली बघून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हळूच म्हणाल्या, "तुझ्यावर न्हाई गं पोरी. म्हशीवर संशय हाय त्यांचा."

मामंजी म्हणजे माझे सासरे. गाव त्यांना तात्या म्हणायचं. पुणतांब्याच्या अलीकडे, गोदावरीच्या काठाला आमचं गाव, आणि त्या गावात तात्यांचा शब्द खाली पडत नसे. उंच, किडकिडीत अंग, डोक्याला पटका, आणि एक भुवई कायम दुसरीपेक्षा वर. तुम्ही नुसतं "आज ऊन फार आहे" म्हणालात, तरी ती भुवई तुम्हाला विचारायची, की यात तुमचा फायदा काय? त्यांना कुणी संशयी म्हटलं तर ते रागवत नसत. म्हणायचे, "शंका म्हंजे दारातलं कुत्रं. भुकलं म्हनून कुनी हाकलून देतं का?" पण एक होतं. हे कुत्रं ते स्वतःवरही सोडत. विकास सोसायटीत धान्याचा काटा त्यांच्या देखरेखीखाली चाले. पण स्वतःची पोती काट्यावर आली की ते उठून लांब जाऊन उभे राहत. "माजं मीच मोजलं तर उद्या मलाच खरं वाटायचं न्हाई," असं म्हणत.

माझं माहेर नगरचं. सावेडीच्या माळावर तेव्हा नुकती घरं उठू लागली होती, त्यातलं एक आमचं. वडील शाळामास्तर आणि उघडउघड दुसऱ्या पक्षाचे. निवडणूक आली की सायकलला झेंडा लावून फिरणारे. अशा घरातली मुलगी मामंजींनी सून म्हणून कशी काय पत्करली, हे कोडं मला बरेच दिवस सुटत नव्हतं. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "व्याही दुसऱ्या पार्टीचा आसावा. म्हंजे तिकडचं वारं कळतं." आणि वर पुन्हा, "आन हिकडचं तिकडं जातंय का, त्येबी कळतं." मी माहेरी पत्र लिहायला बसले की ओसरीवरून आवाज यायचा, "सूनबाई, हितं समदं बरं हाय म्हनून लिव्हा. त्याच्याफुडं काय लिव्हायचं ते तुमचं तुमी बघा." मला हसू यायचं आणि रागही यायचा.

पण मामंजींचा खरा प्राण होता मतपेटीत. तेव्हाची रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आधीच्या निवडणुकांत प्रत्येक गावाची पेटी वेगळी उघडत आणि वेगळी मोजत. त्यामुळे कुठल्या गावाने कुणाला किती मतं टाकली, हे मोजणीच्या टेबलाभोवती उभ्या असलेल्या सगळ्यांना दिसायचं. मत गुप्त म्हणायचं, ते माणसाचं. गावाचं मत उघडं. मामंजी मोजणीला उमेदवाराचे प्रतिनिधी म्हणून हटकून जात आणि आपल्या गावाची पेटी उघडताना पुढे सरसावून उभे राहत. पेटी एकगठ्ठा निघाली की मिशीवरून हात फिरवत साहेबांकडे बघत. साहेब म्हणजे आमच्या बाजूचे पुढारी. नदीवरचा फरशी पूल आमच्या गावाला मिळाला तो असा. "पेटी दाखवली, पूल घेतला," असं मामंजी सांगत. शेजारच्या गावाची पेटी फुटली होती. त्यांची माणसं अजून पावसाळ्यात तराफ्यावरून जायची. तेव्हा मामंजींच्या लेखी मत फुटणं हा काही विचारांचा प्रश्न नव्हता. ते गावाच्या पायाखालचा पूल काढण्यासारखं होतं.

मतदानाच्या आधी ते कुणाकडे मत मागायला जात नसत. फक्त सांगावा जाई. तात्यांनी सांगितलंय, अमक्या चित्रावर शिक्का. संपलं.

सदुसष्टच्या निवडणुकीत आमच्या पेटीतून अकरा मतं फुटली. माझं लग्न तेव्हा व्हायचं होतं, पण ती गोष्ट घरात इतक्यांदा ऐकली की मी तिथे उभी होते असंच मला वाटतं. उमेदवार पडला नाही, साहेबही काही बोलले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, "तात्या, या खेपेला थोडं गळालं वाटतं." मामंजी पुणतांबा स्टेशनवर उतरून घरी येईपर्यंत त्यांचा तपास पुरा झाला होता. आमच्या बांधाला बांध लागून किसनचं शेत. किसनच्या घरात तो धरून चार भाऊ, चौघांच्या बायका, म्हातारे आईबाप आणि एक विधवा आत्या. बेरीज अकरा. किसनचा आणि मामंजींचा त्या वर्षी पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून खटका उडाला होता. झालं! अकराला अकरा जुळले. यापेक्षा आणखी पुरावा कशाला हवा?

किसन घरी आला. ओसरीवर बसलासुद्धा नाही, उभ्यानेच हात जोडून म्हणाला, "तात्या, पान्याचं भांडान पान्यात. मताचं मत जागच्या जागी हाय. आमी फुटलो न्हाई." मामंजी म्हणाले, "मंग कोन फुटलं ते सांग." ते तो बिचारा कुठून सांगणार? आणि न सांगणं हीच त्याच्याविरुद्धची दुसरी साक्ष ठरली.

कुणी किसनला वाळीत टाकलं नाही हो. आमचे मामंजी कायदा जाणून होते. त्यांनी फक्त त्याच्याविषयी बोलणं बंद केलं. पण गावाकडे त्याचं काय होतं ते बघा. किसनची थोरली मुलगी सुमन लग्नाची. स्थळ आलं की पाहुणे मुलगी बघण्याआधी गावातल्या मोठ्या माणसाला विचारणार, घर कसं आहे? बेलापूरहून एक चांगलं स्थळ आलं होतं. पाहुणे आमच्या ओसरीवर बसले, चहा घेतला आणि तो प्रश्न विचारला. मी आत पडद्याआड होते. मामंजींनी पानाला चुना लावला, सुपारी कातरली, आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "बरं हाय." एवढंच. पाहुणे किसनकडे गेलेच नाहीत, परस्पर बेलापूरची वाट धरली. त्यानंतर आणखी एक स्थळ असंच परत गेलं. मला त्या वेळी मामंजींचा इतका राग आला की संध्याकाळी त्यांच्या ताटात भाकरी मी जवळजवळ आपटलीच. आत्याबाईंनी माझ्या हातातली टोपली घेतली आणि स्वतः वाढायला बसल्या. त्या दिवशी त्या स्वतः काही जेवल्या नाहीत. उपास आहे म्हणाल्या. मला वाटलं, असेल.

एकाहत्तरची लोकसभा आली तेव्हा किसन पुन्हा आमच्या दारात आला. या वेळी त्याने हात जोडले नाहीत. म्हणाला, "तात्या, मोजनीला जातायसा न्हवं? डोळं उघडं ठिवून बघा. आमची अकराच्या अकरा हितं पडत्यात. पेटी सांगंल खरं काय ते." मामंजींनी मान हलवली. मला नंतर म्हणाले, "पेटी सरळ निघाली तर किसनला म्हननार, ये, बस." म्हणजे त्यांच्याही मनात गाठ होती तर! पण ती सोडवायला त्यांना साक्षीदार हवा होता, आणि पेटीसारखा खरा साक्षीदार त्यांच्या ओळखीत दुसरा नव्हता. सुमन तेव्हा विशीच्या पुढे गेली होती. गावात बायका विहिरीवर तिच्याकडे बघून कुजबुजायच्या. त्या घराचं सगळं त्या एका पेटीवर येऊन ठेपलं होतं.

मामंजी दशम्या बांधून रेल्वेने नगरला गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले ते कुणी मारल्यासारखे. उमेदवार तर भरघोस मतांनी निवडून आला होता. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. तो तसाच बाजूला ठेवून म्हणाले, "पिंपात घातली."

"काय घातलं?" आत्याबाईंनी विचारलं.

"मतं! कायदा बदललाय म्हनं. पेट्या उघडल्या, कागदं पालथी धरूनच मोजली, आन समद्या गावांची एका पिंपात वतून ढवळली. आपल्या गावाचं कुठलं, परगावचं कुठलं, काय कळंना. गोदामात एका ढिगात वतलेली जवारी कुनाची, कसं वळखायचं?" मग त्यांनी साहेबांना विचारलं होतं, हे कशासाठी? साहेबांनी सांगितलं, कुठल्या गावाने कुठे मत दिलं ते कळू नये, म्हणून. नाहीतर हरलेल्यांवर, फुटलेल्यांवर राग निघतो. मामंजी हे सांगता सांगता थांबले. कुणावर राग निघतो, हा प्रश्न त्यांनी पुढे विचारला नसावा.

मला मनातून तो कायदा आवडला. मी शिकलेली, मास्तराची मुलगी. मत झाकलेलंच असावं हे मला पटत होतं. पण संध्याकाळी किसन आला, ओसरीच्या पायरीपाशी उभा राहिला, आणि मामंजींच्या तोंडाकडे बघून त्याला सगळं समजलं. "म्हंजे ह्या खेपेलाबी न्हाई," एवढंच तो म्हणाला. तेव्हा मला कळलं, की ज्या कायद्याने उद्या कुणी दुसरा किसन होणार नव्हता, त्याच कायद्याने या किसनचा एकुलता साक्षीदार पिंपात बुडवला होता. माझ्याच्याने त्याच्याकडे बघवेना.

त्यानंतर मामंजींचा संशय मोकाट सुटला. निवडणुकीनंतर वर्तमानपत्रांतून एक आवई उठली होती, की मतपत्रिकेच्या कागदाला काही औषध लावलं होतं. मारलेला शिक्का उडून जातो आणि दुसऱ्याच चित्रावर आपोआप उमटतो. ही ओरड हरलेल्यांची. माझ्या वडिलांचा तिच्यावर पूर्ण विश्वास बसला होता, ते साहजिकच होतं. पण मामंजी? ते तर जिंकले होते! तरी ते म्हणत, "जिकलो ते बरं झालं. पर जिकवलं कुनी? आपल्या मतांनी, का औशिदानं?" सोसायटीचा शिक्का मागवून त्यांनी एका कागदावर मारला, तो उन्हात ठेवला, मग लिंबाचा रस चोळला, मग गोठ्यातल्या धुराखाली टांगला. शिक्का हलला नाही. "ह्यो कागद सादा हाय म्हनून," असा निष्कर्ष निघाला. वडील एकदा भेटायला आले तेव्हा दोघं व्याही त्या कागदावर डोकी जुळवून तासभर बसले. एरवी रामराम घालतानासुद्धा वाद घालणाऱ्या त्या दोघांचं आयुष्यात एकमत झालं ते एवढ्या एका गोष्टीवर.

मग गावावर संशय. साहेब आता विचारू लागले होते, "तात्या, गाव धरून आहे ना?" आणि मामंजींजवळ दाखवायला काही नव्हतं. कुणी पारावर जोराने हसलं, तरी यांची भुवई वर. गावाचा गुरव म्हणू नका, न्हावी म्हणू नका. जो तो फुटलेला असू शकत होता. आधी फक्त किसन संशयित होता. पिंप आलं आणि सगळा गाव किसन झाला. पण यात एक गंमत अशी, की मामंजी किसनकडे आता वेगळ्या नजरेने बघू लागले. बांधावर तो दिसला की थोडं थांबत. बोलत मात्र नसत.

बहात्तरच्या विधानसभेची पत्रकं वाटली जाऊ लागली, तेव्हा किसननेच तोड काढली. भर पारावर येऊन म्हणाला, "तात्या, पेटी मुकी झाली. आता देव बोलंल. मला खंडोबाफुडं बेलभंडार उचलू द्या. सदुसष्टाला आमी फुटलो आसलो तर देव बघून घील." बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन आमच्याकडे कुणी खोटं बोलत नाही. घर बुडतं, अशी लोकांची समजूत. मामंजींना ती तोड पटली. पण एकट्या किसनला कसं उचलायला लावणार? उद्या लोक म्हणतील, तात्यांनी डूख धरला. त्यांनी ठरवलं, रविवारी सगळं गाव उचलेल. मागचं आणि पुढचं, दोन्हीची शपथ. सदुसष्टला फुटलो नाही आणि आता फुटणार नाही. "आन पहिलं माजं घर," ते म्हणाले. "गावाच्या आदी आपल्या घरात उचलायचा."

शनिवारी सकाळी देवघरापुढे ताट मांडलं. ताटात बेलाची पानं, भंडाऱ्याची पिवळी रास. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, पटकन उचलून शपथ घेतली आणि शेताकडे जायला निघाले. मग मामंजी माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "मामंजी, सदुसष्टला माझं नाव यादीत नव्हतं. आणि या खेपेला जिथे मला योग्य वाटेल तिथेच शिक्का मारीन, एवढी शपथ घेते. कुठे ते सांगणार नाही." हे दारातच थबकले. मामंजींची भुवई इतकी वर गेली की पटक्याखाली दिसेना. "बापाची पोर," ते म्हणाले. पण रागावले नाहीत. बहुधा माझ्याकडून त्यांनी याहून वाईटाचीच अपेक्षा केली असावी.

"चल गं, उरक," ते आत्याबाईंना म्हणाले.

आत्याबाई ताटासमोर बसल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला, भंडाऱ्याला बोट लावलं, आणि हात मागे घेतला. पुन्हा पुढे केला. मग पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "मला न्हाई उचलायचा."

"का?"

"खोटं निघंल."

बाहेर गोठ्यात म्हैस साखळी ओढत होती तेवढा आवाज. आत्याबाई खाली बघूनच बोलत राहिल्या. सदुसष्टला, गडीमाणसं रानात असताना भर दुपारी दुसऱ्या बाजूचा उमेदवार गावात पायी आला होता. आमच्या दारात त्याने पाणी मागितलं. पाणी पिऊन तांब्या परत देताना म्हणाला, बाई, तुमचं मत मला द्या. "मी म्हनलं, मालक घरी न्हाईत. तर म्हनला, मालकांचं न्हाई मागत, तुमचं मागतो." आत्याबाईंनी डोळे पुसले. "इतकी वरसं शिक्के मारले. मला कुनी मागितलंच न्हवतं. नुसतं सांगितलं हुतं. म्हनून टाकलं त्याला. एका मतानं काय हुतंय वाटलं. मंग किसनभावजींचं आसं झालं, आन माजी तोंड उघडायची छाती झाली न्हाई."

मामंजी खाली बसले. मी त्यांना असं जमिनीवर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे ओठ हलू लागले. ते बेरीज करत होते. "म्हंजे किसनाची धा," ते पुटपुटले. "त्याच्या घरात अकरा. मंग एक जन सरळ ऱ्हायला आन धा फुटले?" दुपारपर्यंत ते ती दहा मतं जुळवत राहिले. किसनची आत्या आंधळी होती, तिचा शिक्का बाद झाला असेल. नाही, बाद मतं वेगळी मोजली होती. धाकटी सून माहेरी गेली असेल. नाही, तिला त्यांनी स्वतः रांगेत पाहिलं होतं. अकरातला एक दगड काढला आणि त्यांचा सगळा बांध ढासळला. संध्याकाळी ते विहिरीकडे गेले आणि एकटेच बसून राहिले.

ह्यांनी बापाला सुटायची वाट दाखवली. म्हणाले, "दादा, उद्या देवळात बायकांना सोडून द्या. गडीमाणसंच उचलतील. किसन उचलंल, मोकळा होईल. आईचं नाव कशाला काढायचं?" वाट अगदी सोपी होती. कुणाला काही कळलं नसतं. मामंजींनी मुलाकडे नीट बघितलं आणि विचारलं, "आन मी? मी काय म्हनून उचलू? माजं घर फुटलं न्हाई म्हनून?"

रविवारी खंडोबाच्या देवळात सगळा गाव जमला. आम्ही बायका एका बाजूला. किसन आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून सगळ्यात पुढे बसला होता. सुमन तिच्या आईच्या मागे. मामंजी उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "सदुसष्टाची अकरा मतं किसनाच्या घरातली न्हवती. त्यातलं एक माज्या घरातलं हुतं. बाकीची कुनाची, ते मला आता जानून घ्यायचं न्हाई. किसना, तुझं चुकलं न्हाई. माजं चुकलं."

गावाच्या माना खाली गेल्या. माझ्या शेजारी आत्याबाई ताठ बसल्या होत्या, पदर डोक्यावर, डोळे समोर. त्यांचं नाव मामंजींनी घेतलं नाही, पण घरात मतं ती किती, आणि त्यातलं फुटलेलं कुणाचं असू शकतं, हे कळायला गावाला वेळ लागला नाही.

किसन उठला. मला वाटलं, आता तो मामंजींच्या पाया पडेल, किंवा मिठी मारेल. तसलं काही झालं नाही. तो म्हणाला, "तात्या, मी पाच वरसं सांगत हुतो, ते खोटं. आन वैनींनी येकदा सांगितलं, ते खरं?" किसन पुढे म्हणाला, "मंग आता मी भंडारा कशापायी उचलू?" आणि पायताण घालून चालू लागला. त्याच्या मागे त्याची बायको, तिच्या मागे सुमन.

मामंजी उभेच राहिले. मग गुरवाला म्हणाले, "ताट आत न्या. शपथ-बिपथ काय न्हाई. ज्याचं मत त्याच्यापाशी." एवढ्या मोठ्या माणसाला इतकं लहान झालेलं मी पाहिलं, आणि खरं सांगते, त्या दिवसापासून माझ्या मनात ते मोठे झाले.

त्या निवडणुकीत सांगावा गेला नाही. मामंजी आयुष्यात पहिल्यांदा दारोदार मत मागायला निघाले. त्यांना ते मुळीच जमत नव्हतं. हात जोडायचे आणि भुवई वर जायची. लोकांना कळेना, हा मागतोय की दरडावतोय. किसनच्या दारातही गेले. त्या दिवशी किसनने त्यांना बसायला घोंगडी टाकली, चहा दिला, आणि मताचं विचारल्यावर म्हणाला, "मत गुप्त आसतंय तात्या. सरकारनं कायदा केलाय." मामंजी घरी येऊन हे सांगताना हसत होते. किसन चेष्टा करतोय, म्हणजे त्याचा राग निवत आला, एवढं त्यांना कळत होतं. पुढच्या वैशाखात सुमनचं लग्न झालं. पाहुण्यांनी घराविषयी विचारलं तेव्हा मामंजी कातरलेली सुपारी खाली ठेवून एवढं भरभरून बोलले, की पाहुण्यांनाच संशय आला असेल.

मला त्यांनी मत मागितलं नाही. "तुमच्याकडं काय मागायचं? बापानं आदीच मागितलं आसंल," असं म्हणून पुढे गेले. पुढे म्हणजे स्वयंपाकघराच्या दाराशी. आत्याबाई भाकऱ्या थापत होत्या. मामंजी उंबऱ्याबाहेर उभे राहिले. पटका काढून काखेत धरला. जन्मभर जिला "अगं" म्हणून हाक मारली, तिच्यापुढे हात जोडून म्हणाले, "तुमचं मत आमाला मिळावं."

आत्याबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. वर न बघता म्हणाल्या, "बघू."

निकाल लागला, पेट्या पुन्हा पिंपात मिसळल्या, आमची बाजू पुन्हा जिंकली. मामंजी मोजणीला गेले नाहीत. आत्याबाईंचं मत कुठे पडलं, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर तो प्रश्न कितीदा येऊन गेला ते मी त्यांना जेवायला वाढताना बघत होते. तोंड उघडायचे, घास घालायचे आणि मिटायचे. दुधाचा थेंब नखावर पडतच राहिला, पुड्यांच्या गाठी तपासल्या जातच राहिल्या. ही एक शंका मात्र त्यांनी तशीच राहू दिली. त्यानंतर पंचायतीची असो, सोसायटीची असो, प्रत्येक निवडणुकीच्या आदल्या दिवशी ते उंबऱ्यापाशी येऊन हात जोडायचे, आणि प्रत्येक वेळी आतून उत्तर यायचं, "बघू."

पुढची मोठी निवडणूक आली त्याच्या आधीच्या हिवाळ्यात मामंजी गेले. ताप आला आणि चार दिवसांत संपले. किसन तिरडीला खांदा द्यायला सगळ्यांच्या पुढे होता.

मतदानाच्या दिवशी मी आणि आत्याबाई शाळेत गेलो. आत्याबाई शिक्का मारायच्या आडोशाआड इतका वेळ उभ्या राहिल्या, की अधिकाऱ्याने दोनदा हाक मारली. परत येताना फरशी पुलावर त्या थांबल्या. बोटावरची शाई पदराने पुसायला लागल्या. ती काही पुसली जाईना. मी म्हटलं, "राहू द्या आत्याबाई, जाईल आपोआप."

त्या म्हणाल्या, "समदे हात जोडून गेले गं. ह्या पार्टीचे आले, त्या पार्टीचे आले. घरातनं मातुर ह्या खेपेला कुनी मागितलं न्हाई."